वाचकांचे प्रश्न : पगारही तिथलाच, शेअरही तिथलेच

प्रश्न : माझा मुलगा बंगळुरूला एका अमेरिकी चिप कंपनीत इंजिनिअर आहे. पगाराखेरीज त्याला कंपनीचे शेअर मिळतात, आजवर त्याने एकही विकलेला नाही. संगणक बनवणारी एक मोठी कंपनी यांचे प्रोसेसर घेणं बंद करणार, अशी चर्चा आहे. ऑफिसात रोज हाच विषय असतो म्हणे. त्याने शेअर आत्ताच विकावेत, की भाव पडल्यावर मी एफडी मोडून आणखी घ्यावेत? घराचा हप्ता ८२ हजार आहे म्हणून विचारतो.
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : तुम्ही विचारलंत शेअरचं, पण झोप उडाली आहे ती हप्त्यामुळे. शेवटच्या वाक्यात ते आलंच.

आधी चर्चेचं बघू. अशीच एक चर्चा पूर्वी झाली होती. ॲपल मॅकमधून इंटेलचे प्रोसेसर काढणार, ही बातमी २ एप्रिल २०१८ ला फुटली आणि इंटेलचा शेअर त्या दिवशी सुमारे ६ टक्के पडला. बातमी खरी होती. जून २०२० मध्ये ॲपलने तशी घोषणा केली आणि नोव्हेंबरात स्वतःची एम१ चिप आणली. तरीही २०१८ च्या त्या दिवशी घाबरून विकणारे फसले, कारण दोन महिन्यांत भाव आधीपेक्षा वर गेला होता. मोठा दणका बसला जुलै २०२० मध्ये. आपल्याच ७ नॅनोमीटरच्या चिपांना उशीर होणार, असं इंटेलने सांगितलं आणि शेअर एका दिवसात १६ टक्के पडला. खरी बातमी हाती असूनही भाव कुठे जाईल ते कळत नाही.

एफडीला हात लावू नका.

आणि ऑफिसातलं जे बोलणं बाहेर जाहीर झालेलं नाही, त्यावरून मुलाने विकणं किंवा तुम्ही घेणं हा गुन्हा आहे. गॅलियन फंडाच्या राज राजरत्नम यांना अशाच गुन्ह्यासाठी २०११ मध्ये ११ वर्षांची शिक्षा झाली. त्या प्रकरणात इंटेलच्या एका अधिकाऱ्यानेही आतली माहिती दिल्याची कबुली दिली होती. घरात हा विषय काढूच नका.

माणसं बुडताना मी पाहिली आहेत ती निराळ्या जागी. काही वर्षांपूर्वी पुण्याचं एक जोडपं माझ्याकडे आलं, दोघं एकाच कंपनीत. त्यांनी एक वही उघडली. डावीकडे फ्लॅटचे हप्ते आणि उजवीकडे दर तिमाहीला मिळणाऱ्या शेअरची रक्कम, सगळं पेन्सिलीने नीट मांडलेलं. भाव निम्म्यावर आला आणि त्याच महिन्यात नवऱ्याची नोकरी गेली. हा योगायोग नव्हता. कंपनी अडचणीत आली की भावही पडतो आणि माणसंही कमी होतात. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने १५ टक्क्यांहून अधिक कर्मचारी कमी करण्याची आणि लाभांश थांबवण्याची घोषणा एकाच दिवशी केली. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के कोसळला. पगार, शिल्लक आणि कर्जफेड तिन्ही एकाच कंपनीवर टांगली असतील, तर सावरायला काहीच उरत नाही. ती चर्चा उद्या खोटी ठरली तरी हा धोका तसाच राहणार.

'विकले तर कर बसेल' हे मी रोज ऐकतो. अहो, शेअर नावावर आले त्याच दिवशी त्यांची किंमत पगारात धरली गेली आणि कर कापला गेला! लगेच विकले तर नफा जवळपास शून्य. नवे शेअर कंपनीने विक्रीची मुभा दिलेल्या पहिल्या मुदतीतच विकावेत. जुने मात्र चार मुदतींत, ठरलेल्या प्रमाणात, भाव न बघता. २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्यांच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आणि वर सेस, तो सोसावा. आलेल्या पैशांतून पहिल्यांदा वर्षभराच्या हप्त्यांची एफडी करा. उरेल ते कर्जात भरा.

आणखी एक विचारा त्याला : प्राप्तिकराच्या विवरणपत्रात शेड्यूल एफए भरलंय का? परदेशी शेअर एक असला तरी ते भरावं लागतं आणि हिशेब जानेवारी ते डिसेंबरचा असतो. अशी गुंतवणूक २० लाखांच्या वर असेल आणि दाखवलेली नसेल, तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड होऊ शकतो. मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर सीएकडे याच आठवड्यात पाठवा.