एक अक्षर, दोन उच्चार

‘रस’ आणि ‘लस’ सावकाश म्हणून पाहा. ‘र’ला जिभेचे टोक टाळूला निसटते लागते, ‘ल’ला ते टेकून राहते व हवा जिभेच्या कडांनी बाहेर पडते. कोरियन लिपीत या दोहोंना एकच अक्षर आहे. दोन स्वरांमध्ये त्याचा उच्चार ‘र’ होतो, शब्दाच्या शेवटी ‘ल’. म्हणून ‘कॅमेरा’त ‘र’ येतो, ‘हॉटेल’मध्ये ‘ल’. स्वरांमध्ये ‘ल’ टिकवायचा तर अक्षर जोडीने लिहितात. ‘गोरिल्ला’त ते तीनदा येते: एकदा ‘र’साठी, दोनदा ‘ल्ल’साठी! शब्दारंभी मात्र ही युक्ती चालत नाही. इंग्रजी ‘राइट’ व ‘लाइट’ एकसारखेच लिहिले जातात. तेव्हा दोष जिभेचा नव्हे. तिला दोन्ही ध्वनी येतात. कोठे कोणता, हे शब्दातील जागा ठरवते.