अकरा महिन्यांचा कागद

हॉस्टेलची लिस्ट लागली आणि त्यात आपलं नाव नसलं की फ्लॅट शोधायची पळापळ सुरू होते. कर्वेनगर, वारजे, धनकवडी, आंबेगाव... पाणी दोन्ही वेळ येतं का, मेस किती लांब, मित्र राहायला आले तर चालतील का, एवढं सगळं आपण विचारतो. कागदाचं कोणी विचारत नाही.

आम्ही चौघं होतो. धनकवडीतला टू बीएचके, भाडं २४ हजार, डिपॉझिट ६० हजार. आमच्यातल्या एकाने चाचरत विचारलं, "काका, करार रजिस्टर करायचा ना?" मालक काका हसले. "अरे बाळांनो, अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही. नोटरी करू, झालं!" आम्ही माना डोलावल्या. फ्लॅट सोडताना त्याच काकांनी पेंटिंगचे २४ हजार, बेसिनचे ९ हजार आणि साफसफाईचे ३ हजार कापले. बेसिनला तडा आम्ही जाण्याआधीपासून होता. (९ हजारांचं बेसिन आम्ही आजतागायत दुकानात शोधतोय!)

मग आम्ही कायदा वाचायला बसलो, आणि कळलं की काकांचं म्हणणं अर्धवट खरं होतं. १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. त्यातून पळवाट म्हणून अकरा महिन्यांची पद्धत रुळली. पण आपल्याकडे ३१ मार्च २००० पासून 'महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९' लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की करार भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे नोंदवलेला करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे दाखवायचं ओझं समोरच्यावर.

आम्ही काकांना साधं पत्र लिहिलं: पेंटिंगचे पैसे कापायचं ठरलं नव्हतं, कलम ५५ पाहावे. आठ दिवसांत २४ हजार खात्यात आले. बेसिनचे आणि साफसफाईचे मात्र आले नाहीत. तडा आधी होता की नंतर पडला हा अटीचा प्रश्नच नाही, तो पुराव्याचा आहे, आणि आमच्याकडे एकही फोटो नव्हता.

इथे एक फरक समजून घ्यायला हवा. आपण स्वतःला भाडेकरू म्हणवतो, पण लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या अर्थाने भाडेकरू नसतो. त्याला जागा ठराविक काळ वापरायची फक्त परवानगी असते. याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली आणि भाडेकरूला काढणं फार अवघड केलं. मालकांनी मग 'भाडेकरू नको, लायसन्सी हवा' हा मार्ग काढला. १९७३ मध्ये सरकारने त्या वेळच्या लायसन्सींनाही भाडेकरूचं संरक्षण दिलं. त्यानंतर आलेल्या आपल्यासारख्यांना ते नाही.

आपल्याला लागू पडतं ते कलम २४. मुदत संपली की जागा सोडायची. नाही सोडली तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि बाहेर काढेपर्यंतच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. याच कलमात म्हटलंय की लेखी करारात जे नमूद आहे तो निर्णायक पुरावा. म्हणजे आपलं संरक्षण बहुतेक त्या पाच-सात पानांतच असतं आणि एजंटने छापून आणलेला मसुदा न वाचता अंगठा देणं म्हणजे सबमिशनची फाईल न बघता कॉपी करणं!

तर वाचा. डिपॉझिट किती, किती दिवसांत परत आणि कशापोटी कापता येईल, हे आकड्यात हवं. 'नेहमीच्या वापराने होणारी झीज धरली जाणार नाही' हे वाक्य घालून घ्या. नोटीस एक महिन्याची असेल तर दोन्ही बाजूंना एकच. लॉक-इन असेल तर इंटर्नशिप दुसऱ्या गावी लागली तर काय होईल, याचा विचार आधी करा. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात हवं, नाहीतर ज्याच्या नावावर कागद त्याच्या गळ्यात सगळं आणि बाकीचे पाहुणे. अठरा पूर्ण नसतील तर पालकांची सही लागेल. सोसायटीचं बिनभोगवटा शुल्क मालकाने भरायचं असतं आणि २००१ च्या सरकारी आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसतं. 'बॅचलर चार्ज' म्हणून कोणी वेगळे मागितले तर हे सांगा. पैसे बँकेतूनच द्या.

खर्चाची भीती घालतात म्हणून हिशोबही सांगतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं १० टक्के वार्षिक व्याज यावर लागतं. आमच्या आकड्यांत भाडं २ लाख ६४ हजार, व्याज साडेपाच हजार, म्हणजे शुल्क पावणेसातशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी हजार रुपये. चौघांत वाटले तर माणशी सव्वाचारशेच्या आत! एजंटची फी वेगळी, पण आता नोंदणी ऑनलाईन होते आणि तो अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो.

यंदाच्या फ्लॅटच्या मालकीणबाई काकूंना आम्ही पहिल्याच भेटीत म्हटलं, "करार रजिस्टर्डच करू." त्या म्हणाल्या, "मलाही तोच हवाय रे, मागच्या मुलांनी चार महिने खोली सोडली नाही." सामानाची यादी कराराला जोडली, खोल्यांचे आणि लाईटच्या मीटरचे फोटो चौघांच्या मोबाईलमध्ये आहेत. यादीत सोळाव्या नंबरवर लिहिलंय: बेसिन, एक नग, तडा नाही.