बाळाचे पहिले वर्ष : तुलना नको, दुर्लक्षही नको

रविवारची मिस्सा संपली की देवळाच्या आवारात कोणा ना कोणा बाळाभोवती घोळका जमतो. "कितवा महिना चालू आहे?" "अजून रांगत नाही का?" "जरा बारीक वाटतो, दूध पुरतं ना?" "आमची नात तर या वयात धरून उभी राहायची!" विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काहीच नसते. पण बाळाची आई घरी जाते ती मनात काळजी घेऊनच. दुसऱ्या दिवशी डब्याच्या पावडरीचे दूध सुरू होते, किंवा घरात बाळासाठी वॉकर येतो.

याउलट आणखी एक वाक्य आपण सहज बोलून जातो : "होईल हो हळूहळू. आमच्या घरात सगळे उशिराच बोलले." हेही आपण प्रेमानेच म्हणतो. परंतु काही बाळांच्या बाबतीत याच धीराच्या शब्दांमुळे मोलाचे महिने हातचे निघून जातात.

मग थांबायचे केव्हा आणि थांबायचे नाही केव्हा? हे कळण्यासाठी पहिल्या बारा महिन्यांत बाळ कसे वाढते हे आधी समजून घेऊ या.

वाढ म्हणजे काय, विकास म्हणजे काय?

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत फरक आहे. वाढ वजनकाट्यावर आणि टेपने मोजता येते : वजन, लांबी, डोक्याचा घेर. विकास म्हणजे बाळाला काय काय करता येऊ लागले : मान धरणे, हसणे, बसणे, बोलणे, माणसे ओळखणे. तो काट्यावर दिसत नाही, त्यासाठी बाळाकडे लक्ष द्यावे लागते. एखादे बाळ अंगाने छान गुटगुटीत असते, पण त्याला ऐकू येत नसते. दुसरे अंगाने लहानखुरे असते, पण विकासात कुठेच कमी नसते. म्हणून दोन्हींकडे पाहायला हवे.

वजनाचा हिशेब

जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. हे बहुतेक बाळांच्या बाबतीत घडते. साधारण १० ते १४ दिवसांत ते पुन्हा जन्माच्या वजनावर येते. त्यानंतर पहिले तीन महिने बाळ झपाट्याने वाढते, दिवसाला सुमारे २५ ते ३० ग्रॅम, म्हणजे महिन्याला पाऊण किलो किंवा त्याहून थोडे अधिक. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान वजन जन्माच्या दुप्पट होते आणि वर्षाच्या अखेरीस सुमारे तिप्पट. लांबी जन्माच्या वेळी ५० सेंटिमीटरच्या आसपास असते, ती वर्षअखेर ७४-७५ पर्यंत जाते.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. सहा महिन्यांनंतर वजनवाढीचा वेग आपोआप मंदावतो. महिन्याला तीनशे ग्रॅमच्या आसपास वाढ झाली तरी ती पुरेशी असते. याच काळात बाळ हातपाय हलवू लागते, सरकू लागते आणि पूर्वीसारखे गोलमटोल दिसत नाही. मग "बाळ सुकलं" म्हणून घरात चिंता सुरू होते. अशा वेळी लोकांच्या नजरेवर नव्हे, तर कार्डावरील रेषेवर विश्वास ठेवावा.

प्रत्येक बाळाला मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा आलेख असतो, मुलांचा वेगळा आणि मुलींचा वेगळा. दर महिन्याला वजन करून त्यावर ठिपका मांडायचा आणि ठिपके जोडायचे. एका ठिपक्यावरून फारसे काही कळत नाही. रेषेची दिशा महत्त्वाची असते. बाळ लहानखुरे असले तरी रेषा वर चढत असेल तर बाळ ठीक वाढते आहे. रेषा आडवी झाली किंवा खाली वळली, तर बाळ दिसायला कितीही गोंडस असले तरी डॉक्टरांना दाखवावे.

आईला दूध पुरते की नाही, हेही शेजारणीने ठरवायचे नसते. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध द्यावे. वरचे पाणी नको, घुटी नको. मध तर पूर्ण एक वर्षापर्यंत चाटवू नये. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

महिन्यामागून महिने

बाळाचा विकास डोक्याकडून पायांकडे होतो. आधी मान, मग पाठ, मग कंबर आणि शेवटी पाय. हा क्रम सहसा बदलत नाही. वेग मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो.

पहिले तीन महिने : नवजात बाळाला साधारण वीतभर, फार तर फूटभर अंतरावरचे बरे दिसते. दूध पिताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो! सहा ते आठ आठवड्यांचे झाले की बाळ आपल्याकडे पाहून हसू लागते. झोपेत ओठ हलतात ते हसू वेगळे. हे तुम्हाला ओळखून दिलेले असते. याच सुमारास हुंकार सुरू होतात.

चार ते सहा महिने : मान पक्की होते. बाळ कुशीवर वळते, पालथे पडते. समोरच्या वस्तूकडे हात नेते आणि हाती येईल ते तोंडात घालते. आवाजाच्या दिशेने मान वळवते. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर घट्टसर वरणभात, नाचणीचे सत्व, कुस्करलेले केळे, शिजवलेली भाजी सुरू करावी. काटे नीट काढलेला मऊ मासा आणि अंडे हेही हळूहळू देता येते. पातळ पाणीदार पेजेने पोट भरते, अंग भरत नाही.

सात ते नऊ महिने : आधाराशिवाय बसणे, एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू घेणे, "बा-बा", "दा-दा" अशी बडबड. कालपर्यंत कोणाकडेही जाणारे बाळ आता अनोळखी माणसाला पाहून रडते. पाहुण्यांनी रागावू नये! आपले कोण आणि परके कोण हे बाळाला कळू लागले, याची ती खूण आहे.

दहा ते बारा महिने : अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत मुरमुरा उचलणे, धरून उभे राहणे, टाटा करणे, नावाने हाक मारली की वळून पाहणे, एखादा अर्थपूर्ण शब्द. लपवलेली वस्तू बाळ शोधू लागते, कारण दिसत नसलेली गोष्टही असते हे आता त्याला उमगलेले असते.

दातांचेही तसेच. पहिला दात सहाव्या महिन्याच्या सुमारास येतो. पण वर्षभरात आला नाही तरी घाबरण्याचे कारण नाही. मात्र "दात येताहेत म्हणून जुलाब होतात" ही समजूत सोडून द्यावी. जुलाब होतात ते तोंडात जाणाऱ्या अस्वच्छ हातांमुळे आणि वस्तूंमुळे, आणि त्यांवर वेळीच उपाय करावा लागतो.

सगळ्यांची घड्याळे सारखी नसतात

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात भारतासह सहा देशांत सुमारे ८,५०० मुलांच्या वाढीचा अभ्यास केला. आपल्या देशातील मुले दिल्लीची होती. या अभ्यासावर आधारलेले वाढीचे आलेख २००६ मध्ये जाहीर झाले. पुरेसा आहार, आईचे दूध आणि निरोगी वातावरण मिळाले, तर भारतातील बाळ आणि नॉर्वेतील बाळ जवळपास सारखेच वाढते, असे त्यातून दिसून आले.

त्याच अभ्यासात निरोगी बाळे केव्हा बसतात, केव्हा चालतात, याच्याही नोंदी झाल्या. काही बाळे चौथ्या महिन्याच्या सुमारास आधाराशिवाय बसली, तर काही नवव्या महिन्यानंतर. काही आठव्या महिन्यात चालू लागली, तर काही साडेसतराव्या महिन्यात. ही सारी निरोगी बाळेच होती! शंभरांपैकी सुमारे चार मुले तर हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा शेजारचा मुलगा नवव्या महिन्यात चालला आणि आपला वर्षाचा होऊनही धरून उभा आहे, यात आईचे काही चुकलेले नसते.

ज्यांचे बाळ अपुऱ्या दिवसांचे आहे त्यांनी हिशेब आणखी वेगळा करावा. बाळ दोन महिने आधी जन्मले असेल, तर सहाव्या महिन्यात त्याच्याकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवावी.

आणि वॉकर? त्याने बाळ लवकर चालत नाही. उलट उशीर होऊ शकतो आणि पडून डोक्याला इजा होण्याचा धोका वाढतो. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. जमिनीवर अंथरलेली स्वच्छ चटई हीच बाळाची खरी शाळा.

पण येथे थांबू नये

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण मोठेपणीच्या कर्तृत्वाबद्दल वापरतो. खरे तर ती आणखी एका अर्थाने घ्यायला हवी : अडचणही पाळण्यातच दिसते, पाहणारे डोळे हवेत. पुढीलपैकी काही आढळले तर "बघू पुढच्या महिन्यात" असे म्हणू नये :

१. तीन महिने झाले तरी बाळ चेहऱ्याकडे पाहत नाही किंवा हसत नाही.

२. मोठ्या आवाजाने दचकत नाही; सहा महिन्यांनंतरही आवाजाकडे वळत नाही.

३. चौथा महिना संपला तरी मान धरत नाही.

४. नऊ महिन्यांनंतर आधार देऊनही बसत नाही, किंवा काहीच बडबड करत नाही.

५. वर्षाचे झाले तरी नावाला ओ देत नाही, हाताने काही दाखवत नाही, आधाराने उभे राहत नाही.

६. हातपाय फार ताठ किंवा फार लुळे वाटतात. वर्षाच्या आतच बाळ सतत एकच हात वापरते.

७. डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक दिसते.

८. पूर्वी येत असलेली गोष्ट बाळ करेनासे होते.

यांपैकी एखादी खूण दिसली म्हणजे आजार आहेच असे नाही. तपासणी मात्र व्हायलाच हवी. ऐकण्याचेच उदाहरण घ्या. ऐकू न येणारे बाळही पहिले काही महिने हुंकार देते. त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही, आणि कळते ते दोन-अडीच वर्षांनी, मूल बोलत नाही म्हणून. वास्तविक कानांची तपासणी पहिल्या महिन्यातच करता येते. बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र, हे उद्दिष्ट डॉक्टर ठेवतात. कारण भाषा शिकण्यासाठी मेंदू याच काळात सर्वांत तयार असतो. जन्मतः थायरॉइड कमी असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर बुद्धीची हानी टाळता येते. वाकडी पावलेही पहिल्या आठवड्यांपासून प्लास्टर घालत गेले तर बहुतेक वेळा सरळ होतात.

अशा तपासणीसाठी फार दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्या पालघर येथूनच झाली. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब या चारही बाबतींत मुलांची मोफत तपासणी आणि पुढील उपचार त्यात होतात. अंगणवाडीत पथक येते तेव्हा बाळाला अवश्य न्यावे. नवजात बाळासाठी आशा कार्यकर्ती घरी येते, तिलाही मनातली शंका मोकळेपणाने सांगावी. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस टोचायला नेतो, ती वेळही प्रश्न विचारण्यासाठी चांगली.

घरच्यांनी काय करावे?

बाळाशी बोला. पहिल्या वर्षात त्याच्या मेंदूचे आकारमान जवळपास दुप्पट होते, आणि त्याला खुराक लागतो तो बोलण्याचा, गाण्याचा, स्पर्शाचा. आजीची अंगाई, आजोबांचे "बुवा कुक", हलक्या हाताने तेलाचे मालिश, हे सारे चांगलेच आहे. मात्र कानात-नाकात तेल घालणे, डोळ्यांत काजळ आणि बंद खोलीत धुरी, या गोष्टी थांबवाव्यात. बाळाला नेहमी उताणे झोपवावे. मोबाइलवरची गाणी माणसाच्या तोंडची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि ज्या घरात बाळाच्या विकासात खरोखर अडचण निघते, त्या घराला दोष देऊ नये. आईने ग्रहणात काय केले, कोणाची नजर लागली, अशी चर्चा त्या घरापर्यंत पोचते. मग घरचे बाळाला लोकांपासून लपवू लागतात आणि उपचार आणखी लांबतात. त्यापेक्षा इस्पितळात जायच्या दिवशी सोबत जाणे, मोठ्या भावंडाला तेवढा वेळ सांभाळणे, ही आपल्याकडून होण्यासारखी मदत आहे.

घरी बसून बोलण्यासाठी

१. आपल्या बाळाच्या कार्डावर शेवटचा ठिपका कोणत्या महिन्याचा आहे? रेषा कोणत्या दिशेने जाते आहे?

२. बाळाच्या कानांची तपासणी झाली आहे का?

३. आपल्या वाडीतील एखाद्या नव्या आईला आपल्या बोलण्याने काळजी लागली असेल का? या आठवड्यात तिला आपण कोणती मदत करू शकतो?