घरच्या शाळेसाठी मावशीचे कानमंत्र

दोन्ही पोरांना घरीच शिकवायचं ठरवलंस, छान केलंस गं. थोरल्याला ऐकून पटकन कळतं, धाकटीला हात लावल्याशिवाय काही पटत नाही, आणि तू दोघांच्या मध्ये लंबकासारखी हेलकावतेस. जरा बस, आणि ऐक.

१. थोरला ‘ऐकणारा’, धाकटी ‘हातांनी शिकणारी’ अशा चिठ्ठ्या त्यांना चिकटवू नकोस — २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं, तेव्हा मुलाच्या शैलीबरहुकूम शिकवल्यानं जास्त येतं याला भक्कम पुरावा सापडला नाही. शिवाय पोरं आपला शब्द फार मनावर घेतात; ‘हिला ऐकून कळत नाही’ म्हटलंस की ती ऐकायचंच सोडेल.

२. पोर बघून नाही, धडा बघून रीत ठरव — पाढे कानाला सोपे, नकाशा डोळ्यांना, अपूर्णांक हातांना. पोर एक, वाटा चार. धडा बघून उघड दार.

३. अपूर्णांक आले की सरळ भाकरी मोड — चार तीनपेक्षा मोठे, म्हणून चौथा हिस्सा तिसऱ्याहून मोठा, हे मुलांच्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं आणि ते बोलून निघत नाही. एका भाकरीचे तीन सारखे तुकडे कर, तेवढ्याच दुसरीचे चार. धाकटीला म्हण, हवा तो उचल. मोठा तुकडा तिचा हात बरोबर ओळखेल. मग तेच वहीत गोल काढून रंगवायला सांग, आणि आकडे सगळ्यांत शेवटी लिही. थोरल्यालाही हाच क्रम ठेव, त्याला तोंडी उत्तर येत असलं तरी.

४. सदुसष्ट सांगितल्यावर ७६ लिहिलं तर रागावू नकोस — आपल्या बोलण्यात आधी सात येतो, मग साठ. ऐकलं तसंच तर लिहिलं बिचारीनं. दहा-दहा काड्यांच्या सहा जुड्या आणि सात सुट्या काड्या मांडायला लाव.

५. महागडं साहित्य मागवू नकोस — कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आसपासच्या पानाबियांतून मुलं शिकती केली. परातीत रवा पसरलास की अक्षर गिरवायला पाटी तयार.

६. पाढे म्हणताना कुणी फिरत असेल तर फिरू दे — बळंच बसवलंस तर सगळं लक्ष बसण्यातच खर्च होतं.

७. धडा झाला की पुस्तक मिटून आजीला सांगायला लाव — पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून सांगितलेलं जास्त टिकतं. आजीनं मध्येच ‘असं का रे?’ विचारलं की आणखी पक्कं होतं.

८. वाचनाची टाळाटाळ दिसली तर आधी डोळे आणि कान तपासून घे — शैलीचा विचार करत आपण वर्ष घालवतो, आणि लागलेला असतो साधा चष्मा. अक्षरांची अडखळ सराव करूनही हटत नसेल, तर तज्ज्ञाला दाखवायला लाजू नकोस.

९. नावडती रीतही रोज थोडी ठेव, थोरल्याला दहा ओळी लिहायला लावच — राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेची दहावीची परीक्षा चौदा पूर्ण झाल्यावर देता येते, आणि तिथं पेपर लिहायचाच असतो.

१०. रात्री एका वहीत एवढंच टिप: आज काय अडलं, कशानं सुटलं — नाहीतर महिन्यानं फक्त कोण रडलं तेवढंच आठवतं. आणि अडलेलं त्या दिवशी सुटलंच नाही, तर तसंच लिहून झोप. सकाळी दुसरी रीत काढ.