शर्यत आणि गप्पा

(हौशी रेडिओचालकांमध्ये दोन तऱ्हेचे लोक असतात. त्यांच्यातील गोड भांडणाची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुलांनो, घरचा रेडिओ तुम्ही ऐकता. पण त्याच्याशी बोलू शकत नाही. ज्यावर ऐकताही येते आणि बोलताही येते, असा रेडिओ बाळगणारे लोक आपल्या देशात आहेत. त्यांना 'हॅम' किंवा हौशी रेडिओचालक म्हणतात. त्यासाठी केंद्र सरकारची परीक्षा द्यावी लागते. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ती देता येते. मग 'व्ही यू' या अक्षरांनी सुरू होणारे संकेतनाव मिळते.

या छंदात कोणाला मुकाबला आवडतो, तर कोणाला गुफ्तगू. हे शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. मराठीत आपण म्हणू, एक शर्यतवाला आणि दुसरा गप्पिष्ट.

समजा, सांगलीत एक निवृत्त काका आहेत आणि साताऱ्यात एक तरुण आहे. काका रोज सकाळी ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. साताऱ्याभोवती डोंगर आहेत, पण अडचण येत नाही. या लहरी उंच आयनांबरापर्यंत जातात आणि तेथून पुन्हा खाली येतात. काका विचारतात, "कसा आहेस रे? पाऊस किती झाला? आईची तब्येत बरी आहे ना?" निरोप घेताना ते 'सेव्हन्टी थ्री' म्हणतात. ७३ म्हणजे शुभेच्छा! जुन्या तारयंत्रवाल्यांकडून हा आकडा आला आहे.

तरुणाला एवढा धीर नसतो. ऑक्टोबरच्या शेवटी एक मोठी जागतिक स्पर्धा असते. आपल्याकडे ती शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होते आणि सोमवारी पहाटे साडेपाचला संपते. या ४८ तासांत जास्तीत जास्त देशांतील लोकांशी बोलायचे. बोलायचे तरी काय? "एकोणसाठ, बावीस." संपले! ५९ म्हणजे 'तुमचा आवाज स्पष्ट आणि जोरदार आहे' आणि २२ हा आपल्या विभागाचा क्रमांक. गंमत अशी, की आवाज कितीही क्षीण असला तरी सगळे ५९ च सांगतात!

काका म्हणतात, "अरे, तू माणसांना भेटत नाहीस, माणसे मोजतोस!"

तरुण म्हणतो, "काका, तुमच्या गप्पा संपेपर्यंत माझे वीस देश होतात!"

भांडण गमतीचे असले, तरी प्रश्न खरा आहे. स्पर्धेच्या दिवशी हा पट्टा एसटी स्टँडसारखा गजबजतो आणि काकांचा आवाज त्यात बुडून जातो. पण कोणतीही जागा कोणा एकाच्या मालकीची नसते. म्हणून १०, १८ आणि २४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत स्पर्धा घ्यायची नाही, असा जगभर शिरस्ता आहे. मात्र १८ मेगाहर्ट्झच्या लहरी लांब उडी मारतात. सांगलीहून निघालेली लहर साताऱ्याच्या डोक्यावरून दूर निघून जाते. मग शेजाऱ्यांनी बोलायचे कोठे? येथे नियम संपतो आणि रीतभात सुरू होते. बोलण्यापूर्वी प्रत्येकाने विचारायचे, "ही जागा मोकळी आहे का?" तेथे कोणी बोलत असेल, तर आपण थोडे सरकायचे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. अशा पुरात वीज जाते. मग मोबाइलचे मनोरे किती वेळ तग धरणार? हॅमला मात्र रेडिओ, बॅटरी आणि तारेची अँटेना पुरते. अशा वेळी कोण उपयोगी पडेल? गोंगाटातही क्षीण आवाज ओळखणारा शर्यतवाला, की घाबरलेल्याला धीर देणारा गप्पिष्ट?

याचे उत्तर अंदमानात मिळाले. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी रेडिओ घेऊन पोर्ट ब्लेअरला गेले होते. अंदमानशी संपर्क मिळणे दुर्मीळ होते, म्हणून जगभरचे हॅम त्यांना हाका मारत होते. प्रत्येकाला काही सेकंदच मिळत. २६ डिसेंबरला त्सुनामी आली. तेव्हा त्यांनी तो खेळ थांबवला आणि तीच यंत्रे मदतीला लावली. बेटांवरील माणसांची खुशाली दूरच्या नातेवाइकांना कळू लागली. या कामाला शर्यतवाल्याचे कान हवे होते आणि गप्पिष्टाचे मनही हवे होते.

स्पर्धा संपल्यावर सोमवारी सकाळी काका विचारतात, "काय रे, किती देश झाले?" तरुण आकडा सांगतो. मग तो थोडा थांबतो आणि विचारतो, "काका, तुमचा गुडघा कसा आहे?"

शब्दार्थ : संकेतनाव – ओळखीसाठी दिलेले नाव, क्षीण – कमजोर, शिरस्ता – रिवाज, तग धरणे – टिकून राहणे, खुशाली – खैरियत.

स्वाध्याय
१. काका तरुणाला कोणता टोमणा मारतात?
२. '१८ मेगाहर्ट्झचा पट्टा काकांच्या उपयोगी पडत नाही.' कारण लिहा.
३. तुम्हाला शर्यतवाला व्हायला आवडेल की गप्पिष्ट? पाच वाक्यांत लिहा.