गोदूताईंच्या शब्दाला वारल्यांनी ‘हो’ का म्हटलं?

प्रश्न : गोदावरी (गोदूताई) परुळेकर पुण्याच्या, कायद्याची पदवी घेतलेल्या. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींनी अशा शहरी बाईवर इतका विश्वास कसा टाकला?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : केवळ भाषणं ऐकून हा विश्वास बसला नाही. संघटना बांधण्याचं काम गोदावरीबाई आधीपासून करत होत्या. १९०७ साली जन्मलेल्या या बाईंनी भारत सेवक समाजात काम केलं, मुंबईत घरकामगारांना एकत्र आणलं आणि पुढे पती शामराव यांच्यासह त्या कम्युनिस्ट पक्षात आल्या. जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे वारली प्रतिनिधींनी वेठबिगारीची कहाणी सांगितली.

लग्नासाठी सावकाराकडून थोडं कर्ज काढायचं आणि मग नवरा-बायको दोघांनी त्याच्याकडे राबत राहायचं, असा रिवाज होता. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. फिटलं किती आणि राहिलं किती, हे सावकारच ठरवणार.

२३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी ठराव केला : वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर जायचं नाही. गोदूताईंच्या कामाचं मर्म इथे दिसतं. त्यांनी क्रांतीचं चित्र रंगवलं नाही. उद्या सकाळी प्रत्येकाला पाळता येईल अशी गोष्ट पुढे ठेवली. ती एकजुटीने पाळली की सावकाराचं काहीच चालत नाही, हे वारल्यांना काही आठवड्यांतच कळलं. लोकांचा विश्वास बसला तो या अनुभवावर.

गवतकापणीच्या मोसमात पुढची मागणी आली : पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. मग जमीनदारांनी डाव टाकला. गोदूताईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा पसरवून वारल्यांना तलवाडा इथे गोळा केलं आणि पोलिसांना सांगितलं, की हे दंगा करायला जमलेत. १० ऑक्टोबर १९४५ रोजी गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतरही जमाव किसान सभेच्या लाल बावट्याभोवतीच उभा राहिला. ज्यांना वर मान करून बोलायची मुभा नव्हती, ती ही माणसं.

पुढे बंदी, भूमिगत जीवन, तुरुंगवास सगळं आलं. शामराव १९६५ साली तुरुंगातच वारले. गोदावरीबाईंचं काम थांबलं नाही. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या त्यांच्या पुस्तकाला १९७२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि १९८६मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९९६ साली त्यांचं निधन झालं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर असं : त्यांनी वारल्यांच्या वतीने लढा दिला नाही, वारल्यांना लढायला उभं केलं. कार्यकर्ता तुरुंगात गेला तरी चळवळ चालू राहते, ती अशाच संघटनेमुळे. आज कुठेही संघटना बांधू पाहणाऱ्यांनी झरीचा तो ठराव जरूर अभ्यासावा.