पीजीची जागा लागेपर्यंत

सुरतेतल्या भेस्तानला आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातली. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये. पोरगा एमबीबीएस झाला म्हणजे डॉक्टर झाला, मग आता कसली वाट बघतोय, हा प्रश्न रोज दारात यायचा. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या त्या दिवसांत जे शिकलो, ते पुढे बसणाऱ्यांसाठी लिहितो आहे.

१. तारीख हलणार, हे धरूनच चाला. २०२४ ची परीक्षा २३ जूनला होती. आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि ११ ऑगस्टला दोन सत्रांत झाली. ढकलल्याचं कळलं तोवर कितीतरी मुलं परगावच्या केंद्रांवर पोचली होती. २०२१ ची एप्रिलमधली परीक्षा सप्टेंबरात झाली, २०२५ ची जूनमधली ऑगस्टात. उजळणीची वही एकच आणि आटोपशीर ठेवा, म्हणजे वाढलेल्या दिवसांत ती परत पहिल्या पानापासून वाचता येते. नवीन पुस्तक उघडू नका.

२. पसंतीक्रम मनातला लिहा. यात मुलं सर्वांत जास्त घाबरतात, आणि विनाकारण. संगणक रँकप्रमाणे एकेकाची यादी वरून खाली बघतो आणि मोकळी असलेली पहिली जागा देतो. अवघड जागा वर लिहिली म्हणून खालची हातची जात नाही. मला मेडिसिन हवं होतं. रँक बघून मित्र म्हणाले, वर पीडियाट्रिक्सच टाक. मी मेडिसिन वरच ठेवलं. मात्र जिथे जायचंच नाही ती जागा यादीत कुठेच नको. अखिल भारतीय कोट्यात पहिल्या फेरीची जागा सोडली तर अनामत जात नाही, दुसऱ्या फेरीची सोडली तर जाते. आणखी एक: अपग्रेड मागितलं आणि वरची जागा मिळाली, की जुनी आपोआप रद्द होते. हे घरात बसून दोनदा वाचा.

३. राज्याचे नियम दरवर्षी नव्याने वाचा. राज्यांच्या सरकारी महाविद्यालयांत निम्म्या जागा अखिल भारतीय, निम्म्या राज्याच्या. गाव शिरपूरकडे, शिक्षण सुरतेत, असं आमच्यासारख्यांचं असतं. गावाकडचे विचारतात, महाराष्ट्राच्या कोट्यात का नाही बसत? पण नुसतं गाव तिकडचं असून भागत नाही: २९ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पीजीत अधिवासावर आधारलेलं आरक्षण घटनाबाह्य ठरवलं. त्याच संस्थेत एमबीबीएस केलेल्या विद्यार्थ्यांना मात्र मर्यादेत प्राधान्य देता येतं. काकांच्या मुलाला दहा वर्षांपूर्वी लागू झालेलं तुम्हाला लागू होईलच असं नाही.

४. घरच्यांशी पैशांचं आधी बोला. फी, बॉण्ड, ड्रॉप घेतला तर वर्षभराचा खर्च. वडिलांना मी आकडे कागदावर लिहून दिले. त्यानंतर शेजारी ‘काय व्हयनं?’ म्हणून विचारायचे, तेव्हा वडीलच उत्तर द्यायचे. मला अभ्यासाला वेळ मिळाला.

५. वाट बघताना काम सोडू नका. फेऱ्या महिनोन्‌महिने चालतात. मी एका दवाखान्यात रात्रपाळी धरली. तापाने फणफणलेली लेकरं घेऊन मिलमधून थेट आलेल्या आया तिथेच भेटल्या, आणि पीडियाट्रिक्स माझ्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर का आहे हे मला नीट कळलं. तीच जागा मिळाली. मी आनंदाने रुजू झालो.

यंदा बसणाऱ्यांना एकच विनंती: यादी लॉक करण्याआधी, ज्या ब्रांचमध्ये तीन वर्षं काढायची, तिथल्या रेसिडेंटबरोबर एक रात्र वॉर्डात उभे राहा.